डोक्यावरचं चाक

सड्यावर जाणारी पाऊलवाट चढ संपवून जिथे सपाट होते, तिथे डाव्या हाताला राखणदाराची जागा आहे. मूर्ती नाही, घुमटी नाही. एक जुना पाषाण आणि त्याच्याभोवती वाटसरूंनी घातलेले खडे. येणाऱ्याजाणाऱ्याने एक खडा घालायचा आणि पुढे जायचं, एवढीच त्याची पूजा. बहुतेक लोक चालता चालता लांबूनच खडा टाकत. तुळसाकाकी तसं करत नसे. चढाच्या पायथ्याशी ती लिंबाएवढा जांभ्याचा खडा वेचायची, गुरांच्या मागून तो मुठीत धरून चढायची आणि वर आल्यावर वाकून हाताने ठेवायची. ठेवताना म्हणायची, "इलंय रे." शेजारच्या घरात शिरताना सांगावं तसं.

खैरवळ आमचं गाव. मालवण तालुक्यात, तोंडवलीच्या आतल्या अंगाला. खाली भाताचे कोपरे, उतारावर काजू आणि कलमं, आणि सगळ्यांच्या वर हा सडा: मैलभर पसरलेला काळा कातळ, पावसाळ्यात हिरवा आणि दिवाळीनंतर पिवळ्या गवताचा. पश्चिमेच्या कडेला उभं राहिलं की समुद्र दिसतो. तुळसाकाकी लग्न होऊन आली तेव्हापासून त्या सड्यावर गुरं घेऊन जात होती. नवरा तापाने लवकर गेला. मुलगा गुरुदास गोव्यात एका हॉटेलात स्वयंपाक करतो. घरात ती आणि सून शर्मिला. दोघींचं पटायचं, म्हणजे दिवसभर एकमेकींना बोलायच्या आणि संध्याकाळी एका ताटलीत काजू भाजून खायच्या.

विमान आलं ते भाईंमुळे. उतारावरच्या बहुतेक बागा भाईंच्या आणि त्यांच्या भावकीच्या. मोहोरावर तुडतुडे, काजूवर ढेकण्या, आणि फवारणीला माणूस मिळेना; तेव्हा त्यांनी बाहेरगावच्या एका कंपनीला गाठलं. एक हंगाम करून बघू, असं ठरलं. कातळावर लाल माती पसरून रोलर फिरवला आणि पूर्व-पश्चिम अशी धावपट्टी झाली. सकाळी वारा डोंगराकडून येतो, म्हणून विमान पूर्वेकडे तोंड करून उडणार होतं. आणि पूर्वेच्या टोकालाच, वाटेच्या कडेला, राखणदार.

कंपनीच्या माणसाने ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, तेव्हा भाई शुद्ध मराठीत म्हणाले, "ते हलवायचं नाही. बाकी सांगाल ते करतो."

ढीग तेव्हा गुडघ्याएवढा होता. त्या माणसाने मान हलवली. एवढं चालेल, म्हणाला. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि पौष लागता लागता एके सकाळी ते पिवळं विमान सड्यावर उतरलं. एकाच माणसाचं विमान. पुढे दोन चाकं, शेपटीखाली एक लहान, आणि पंखांखाली फवाऱ्याच्या नळ्या.

धावपट्टीवर गुरं येऊ नयेत म्हणून माणूस हवं होतं. गुरं कोणाची, कुठे चरतात, कोणती हट्टी, हे ज्याला माहीत असेल असं. भाईंनी तुळसाकाकीला विचारलं. तिला एक शिट्टी मिळाली, एक लाल फडका आणि रात्री चमकणारं नारिंगी जाकीट. पातळावर ते जाकीट घालून ती पहिल्यांदा अंगणात उभी राहिली तेव्हा शर्मिला म्हणाली, "आये, रस्त्याच्या कामावरची वाटतंस."

"वाटांदे. सड्यार माका कोण बघता? गुरा."

पण बघायला माणसंच आली. आधी खैरवळची, मग आजूबाजूच्या वाड्यांची, मग शाळेच्या सहली, मग तोंडवलीच्या किनाऱ्यावर राहायला आलेले पाहुणे. सगळे पाऊलवाटेने चढायचे आणि वर आल्यावर रिवाजाप्रमाणे खडा घालायचे. काहीजण दोन घालायचे. एक स्वतःचा, एक विमानाचा. "त्येका सुखरूप ऱ्हवांदे," असं म्हणून. तुळसाकाकीसुद्धा आता दोन खडे वेचायची. ढीग वाढताना कोणाला दिसत नाही. रोज बघणाऱ्याला तर नाहीच.

विमान चालवायचा तो विनीत नावाचा मुलगा, यवतमाळकडचा. तिशीच्या आतला, बारीक, कायम भुकेलेला. पहाटे फवारणी सुरू व्हायची आणि ऊन चढून वारा उलटला की थांबायची. मग तो पंखाच्या सावलीत बसायचा. तुळसाकाकी डब्यातली पेज आणि खारातली कैरी त्याच्यासमोर ठेवायची. पहिल्या दिवशी त्याने पेजेत साखर आहे का विचारलं. ते ती पुढे गावभर सांगत होती.

"काकू, आज वरून तुमची गाय दिसली," तो एकदा म्हणाला.

"माझी काय भाईंची?"

"वरून सगळ्या सारख्याच दिसतात हो."

"मगे तुका काय दिसूक नाय."

तो हसला. त्याच्याबरोबर सर्वेश नावाचा मेकॅनिक होता. तो धावपट्टीच्या पश्चिम टोकाला पाण्याच्या टँकरजवळ असायचा. औषध कालवायचं, पंप लावून विमानाची टाकी भरायची, वायरलेसवर विनीतशी बोलायचं, हे त्याचं काम. सर्वेश तुळसाकाकीला घाबरून असायचा, कारण त्याने औषधाचा रिकामा डबा गवतात टाकलेला तिने एकदा पाहिला होता आणि तो उचलेपर्यंत ती त्याच्याजवळून हलली नव्हती.

धावपट्टीच्या कडेचं गवत तिने कापायला मागितलं, आणि विमानवाल्यांनाही ते कापून हवंच होतं. दोन महिन्यांत उत्तरेची सगळी बाजू तिने आणि शर्मिलाने कापून काढली. भारे बांधून पूर्वेकडे ओळीने रचून ठेवले. शिमग्याआधी खाली न्यायचे होते.

माघ संपता संपता, त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. धूर सरळ वर जाईल अशी हवा. तुळसाकाकी गुरांना उतरणीकडे वळवून राखणदारापाशी आली होती. पश्चिमेकडून विमान निघालं. रोज जिथे ते जमीन सोडायचं तिथे त्या दिवशी सोडलं नाही. टाकी भरलेली आणि वाऱ्याचा आधार नाही. ते धावतच राहिलं, तिच्या दिशेने, आणि अगदी शेवटी जड अंगाने उठलं. तेवढ्यात आवाज झाला. नारळ दगडावर आपटावा तसा. ढिगाच्या माथ्यावरचे खडे चहूकडे उडाले. विमान हवेत एकदा खाली बसल्यासारखं झालं, सावरलं आणि काजूंवरून निघून गेलं.

धूळ बसल्यावर तिला दिसलं, की ढीग तिच्या छातीएवढा झालेला होता. आणि त्याच्या पलीकडे, सुक्या गवतातून, एक काळं चाक अजून गडगडत होतं. करवंदीच्या जाळीला टेकून ते आडवं झालं.

काय झालं ते समजायला तिला वेळ लागला नाही. विमानाला पुढे दोन चाकं, त्यातलं एक इथे. वरच्या मुलाला ते ठाऊक नाही. चाकं पंखाखाली असतात, बसल्या जागेवरून दिसत नाहीत, हे त्यानेच तिला कधीतरी दाखवलं होतं. औषध संपलं की तो परत येणार आणि दोन चाकं आहेत असं समजून उतरणार.

तिने शिट्टी फुंकली. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला पंप धडधडत होता. सर्वेशने मान वर न करता हात हलवला; गुरं असतील, असं त्याला वाटलं. ती ओरडली. मोबाइल घरी होता, आणि इथे तसंही रेंज येत नाही. शेवटी तिने कोणत्याही जड वस्तूचं जे केलं असतं तेच केलं. लाल फडका कमरेतून काढून त्याची चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली, चाक उचलून चुंबळीवर घेतलं आणि सर्वेशकडे चालू लागली. त्याच्या हातात चाक दिलं की तो वायरलेसवर सांगेल, एवढंच तिच्या मनात होतं. फडका हलवायचा असतो हे तिला नंतर आठवलं. पण तेव्हा त्याच्यावर चाक होतं.

कातळावर कापलेल्या गवताचे खुंट पायाला टोचत होते, म्हणून ती धावपट्टीवरून चालली. इतके दिवस तिने त्या लाल मातीवर कोणाला पाय ठेवू दिला नव्हता, आणि स्वतःही ठेवला नव्हता.

ती अर्ध्यावर असताना विमान परत आलं.

समुद्राकडून वळून ते तिच्या समोरच खाली येऊ लागलं. आता सर्वेशने वर बघितलं. विमान त्याच्या डोक्यावरून गेलं आणि त्याच वेळी त्याला धावपट्टीच्या मधोमध ते नारिंगी जाकीट दिसलं. "काकी, बाजूला!" तो ओरडला. शर्मिलाला त्याने नंतर सांगितलं, "माझा आवाज मलाच ऐकू आला नाही."

तुळसाकाकी थांबली. बाजूला होता येणार होतं; चार पावलांत ती गवतात गेली असती. मग विमान टेकलं असतं. ती बाजूला झाली नाही. तिने दोन्ही हातांनी चाक धरलं आणि मान सरळ ठेवून तिथेच उभी राहिली, विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन येताना कोणी वाटेत गाठलं की बाई थांबते तशी. इंजिनाचा आवाज एकदम चढला. विमान तिच्या डोक्यावरून वर गेलं. वाऱ्याने पदर तोंडावर आला, डोळ्यांत माती गेली. चाक मात्र हललं नाही.

विनीत नंतर सांगायचा, "पहिल्या वेळी मी काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. मला वाटलं काकू गाय आणायला गेल्या. वळून आलो तेव्हा कळलं, डोक्यावर गवत नाही. चाक आहे. दोन-तीन क्षण मी विचार करत होतो की यांनी चाक कशाला आणलं असेल."

मग पुढचं पटापट झालं. सर्वेशने धावत येऊन चाक बघितलं, तसाच उलट धावत गेला आणि वायरलेस घेतला. विनीतने उरलेलं औषध पश्चिमेच्या कड्यावर, जिथे बाग नाही की घर नाही, तिथे सोडून दिलं. त्यानंतर तो सड्यावर गोल गोल फिरत राहिला. इंधन कमी होऊ दे, म्हणजे उतरताना पेट घेणार नाही, असं सर्वेशने सांगितलं. हे फिरणं फार वेळ चाललं. बागांमधून माणसं वर आली. भाई मोटारसायकलवरून आले आणि ढिगाकडे बघत उभे राहिले. तुळसाकाकी कडेला कातळावर बसली होती, शेजारी चाक. कोणी ते बघायला हात लावला की ती तो हात झटकायची.

"गाऱ्हाणं घालूक होया," कोणीतरी म्हणालं. नारळ कुठून तरी आला. भाई राखणदाराकडे तोंड करून उभे राहिले, त्यांच्यामागे धावपट्टीच्या टोकावरच सगळे जमले. "बा देवा म्हाराजा," भाईंनी सुरुवात केली.

"घाला, पण वाटेतसून बाजूक ऱ्हवान घाला," तुळसाकाकी बसल्या जागेवरून म्हणाली. "तो येतलो खंय? तुमच्या टकलेर?"

सगळे तिथून निघून दक्षिणेच्या काजूंखाली गेले. तिथून "व्हय म्हाराजा" असं हळू आवाजात ऐकू येत राहिलं.

विनीतने धावपट्टी सोडून उत्तरेची बाजू निवडली. तिथलं गवत कापलेलं होतं आणि जमीन जरा मऊ होती. विमान उजव्या चाकावर, एका कुशीवर कललेलं, खूप हळू खाली आलं. काही अंतर ते तसंच एका पायावर धावलं, आणि बघणाऱ्यांना वाटलं की असंच थांबेल. मग डावा पंख टेकला. विमान स्वतःभोवती फिरलं, नळ्या तुटून उडाल्या, आणि ते घसरत जाऊन गवताच्या भाऱ्यांत नाक खुपसून, शेपटी वर करून थांबलं. इंजिन बंद पडलं. सड्यावर इतकं शांत झालं की खालच्या वाडीतला कोंबडा ऐकू आला.

सर्वेश पोहोचायच्या आत काच उघडली आणि विनीत स्वतःच बाहेर आला. एका हाताने दुसरा खांदा धरून तो पहिल्या भाऱ्यावर बसला. कपाळातून थोडं रक्त येत होतं. तुळसाकाकी चाक घेऊन आली. तिने ते सर्वेशच्या पायाशी ठेवलं, "ह्या तुमचा," म्हणाली. मग विनीतला खालपासून वरपर्यंत बघितलं. दोन्ही हात तिने जाकिटाच्या खिशांत घातले.

"बांधून ठेवलेला गवत सगळा इस्कटून टाकलंस," ती म्हणाली. "सडो केवढो आसा. तुका दुसरी जागा गावाक नाय?"

विनीत हसायला गेला आणि कळवळला. गळ्याखालचं, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. ते जुळून आलं. फार काही झालं नाही.

चौकशीला आलेली माणसं देवळाच्या सभामंडपात बसली. आठवडाभर गावात वेगळंच चाललं होतं. विमानवाल्याची चूक, जास्त औषध भरलं, त्याला अंदाज आला नाही, असं माणसं एकमेकांना सांगत होती. कारण तसं म्हटलं की ढिगाबद्दल बोलायची गरज उरत नव्हती. आणि विनीतने पुन्हा विमानात बसायचं की नाही, ते ही माणसं ठरवणार होती. गळ्यात हात अडकवून तो एका खांबाला टेकून बसला होता.

"दगडांचा तो ढीग कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

भाई छताकडे बघत होते.

तुळसाकाकी उठून उभी राहिली. सरकारी माणसाशी बोलायची म्हणून तिने आपली ठेवणीतली मराठी काढली. "ढीग आमचा. सगळ्यांनी घातलेला. मीसुद्धा रोज दोन खडे घालत होते. विमान आलं तेव्हा तो एवढाच होता," तिने गुडघ्यावर हात ठेवला. "विमान बघायला माणसं आली, तसा वाढला."

"पण कशासाठी?"

"विमान सुखरूप राहावं म्हणून."

साहेबांनी लिहायचं थांबवलं. शेजारच्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मग भाई म्हणाले, "खरं आहे ते. सुरुवातीला काढू का म्हणून कंपनीच्या माणसाने विचारलं होतं. मीच नको म्हटलं." त्यानंतर एकेक जण बोलू लागला, आणि कोणी किती खडे घातले यावरून दोघांत थोडा वादही झाला.

विनीतवर ठपका आला नाही. भार जास्त घेतल्याबद्दल समज मिळाली, तेवढीच. बाकी त्याने शांतपणे उतरवलं, असं त्यांनी लिहिलं.

ढिगाचं काय करायचं, यासाठी देवाला कौल लावला. कौल कोणत्या बाजूचा झाला यावर अजून दोन मतं आहेत. शेवटी भाईंनी त्या खड्यांचा वाटेच्या कडेने ठेंगणा गडगा, म्हणजे दगडी बांध, घालून घेतला. पाषाण होता तिथेच आहे. देवाचे खडे हलवले म्हणून म्हातारी माणसं कुरकुरली, तेव्हा तुळसाकाकी म्हणाली, "देव आमच्याआदी थयसर होतो. खडे आमचे." आणि आपली ती गडग्यालगत खडा ठेवत राहिली. नारिंगी जाकीट तिने परत केलं नाही. कोणी मागितलंही नाही. पावसात गोठ्याकडे जाताना ती ते घालायची.

विमान तुकडे करून ट्रकने गेलं. पुढच्या हंगामात भाईंनी ड्रोन आणला. वाडीतली मुलं त्याच्यामागे धावायची. तुळसाकाकीने एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा गवत कापायला लागली. "त्येच्यात माणूस नाय," ती शर्मिलाला म्हणाली. "मगे बघूचा काय?"

विनीतचा फोन अधूनमधून यायचा. तो आता गुजरातेत कापसावर फवारतो, असं कळलं. फोनवर तुळसाकाकीला त्याचं बोलणं फारसं ऐकू यायचं नाही, पण ती मोबाइल कानाला धरून बसायची, आणि तो थांबला की म्हणायची, "हां, बरा." मग मोबाइल शर्मिलाकडे द्यायची. काय म्हणाला, हे नंतर तिच्याकडून ऐकायची.

अपघातानंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात तो बायकोला घेऊन आला. कणकवलीला रेल्वेतून उतरून भाड्याची गाडी स्वतः चालवत आला होता. तुळसाकाकीला दोन दिवस अशक्तपणा वाटत होता, पण त्या दिवशी सकाळी ती उठून अंगणात बसली होती. तिने त्याच्या बायकोला जवळ बसवून घेतलं, तिचे हात उलटसुलट बघितले, नाव विचारलं. विनीतचा खांदा तिने पातळाच्या पदराने झटकल्यासारखा चाचपला. शर्मिलाने सोलकढी केली, बांगडे तळले. विनीतने पेज मागितली, आणि साखरेची गोष्ट पुन्हा एकदा, त्याच्या बायकोसमोर, पहिल्यापासून सांगून झाली. सगळे हसले. काकी जेवली थोडंच.

दुपारी ती ओटीवर चटईवर आडवी झाली. ऊन रणरणत होतं. विनीत पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा तिने डोळे उघडले. शर्मिला दारातच भांडी पुसत होती, म्हणून तिला शब्द न् शब्द आठवतो. त्यानंतर काकी कुशीवर वळली, झोपली, आणि चहाच्या वेळेला हाक मारली तेव्हा उठली नाही.

"गाडी खंय लावलंस रे?" तिने विचारलं होतं.

"तिकडे, सावलीत. फणसाखाली."

"काड आदी थयसून. फणस पडात."